पावणेदहानंतरचा दिवस : स्वेच्छानिवृत्तीचे पहिले अठरा महिने

३१ मे २०२३ रोजी, बुधवारी सायंकाळी, मी राज्य शासनाच्या सेवेतून स्वेच्छेने निवृत्त झालो. त्या दिवशी माझे वय ५१ वर्षे ९ महिने होते. नियत वयोमानानुसार मला ऑगस्ट २०२९ पर्यंत, म्हणजे आणखी सव्वासहा वर्षे, नोकरी करता आली असती. सातारा जिल्ह्यातील एका कार्यालयात मी बरीच वर्षे आस्थापना शाखेत होतो, त्यामुळे इतरांची निवृत्तिवेतन प्रकरणे तयार करणे हेच माझे काम होते. कोणाची किती सेवा अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य) धरली जाईल, कोणाचे किती उपदान (ग्रॅच्युइटी) होईल हे मला तोंडपाठ असे. पण निवृत्तीनंतरचा दिवस कसा जातो, हे त्यांतल्या एकालाही मी कधी विचारले नव्हते. म्हणून हे लिहीत आहे. कागदपत्रांबद्दल लिहिणारे अनेक जण आहेत. दुपारी दोन ते चारबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

निवृत्तीचे कारण लोकांना सांगताना मी आईचे वय (तेव्हा ८१) आणि माझी कंबर ही दोन कारणे पुढे करीत असे. दोन्ही खरी होती, पण पुरेशी नव्हती. खरे कारण असे की, शेवटची तीन-चार वर्षे सकाळी साडेनऊ वाजले की माझ्या पोटात गोळा येई. नोव्हेंबर २०२२ मध्ये घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला, त्याआधी मुलीचे शिक्षण पूर्ण होऊन ती नोकरीला लागली होती, आणि त्यानंतर मी पहिल्यांदा वहीत आकडे मांडून पाहिले. मी नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागलेला असल्यामुळे मला जुनी, शेवटच्या वेतनावर ठरणारी, निवृत्तिवेतन योजना लागू आहे. हा माझ्या बाबतीतला सर्वांत मोठा योगायोग आहे, आणि ज्यांना ती लागू नाही त्यांनी माझे हिशेब स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत.

अर्ज दिला २८ फेब्रुवारीला. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येते, आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याने मुदत संपण्यापूर्वी परवानगी नाकारली नाही, तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. नियम मला माहीत होता. तरीही आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत मी तीन महिने खिशात घेऊन फिरत होतो. साहेबांनी दोनदा बोलावून फेरविचार करायला सांगितले. मुदतीच्या आत अर्ज मागे घेण्यासाठीही परवानगी मागता येते, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते, आणि एप्रिलमध्ये एका रात्री मी तसा मसुदा लिहूनही ठेवला होता. तो दिला नाही. मंजुरीचे पत्र १९ मे रोजी हाती आले.

एरवी निवृत्तीची कागदपत्रे दोन वर्षे आधीपासून जुळवली जातात. स्वेच्छानिवृत्तीत ते सगळे तीन महिन्यांत बसवावे लागते, आणि तिथे माझी फजिती झाली. माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात, २००३-०४ या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद नव्हती, कारण त्या वर्षी माझी बदली झाली होती आणि दोन्ही कार्यालयांनी ते काम एकमेकांवर सोडले होते. शिवाय संगणकाची एमएस-सीआयटी परीक्षा मी २००६ मध्येच उत्तीर्ण झालो असलो, तरी त्याची नोंद कोणी घेतली नव्हती. ही परीक्षा डिसेंबर २००७ अखेरपर्यंत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढींची वसुली निघते, हे मी दुसऱ्यांच्या प्रकरणांत टिप्पणीत लिहिलेले आहे. माझ्या प्रकरणावर वेतन पडताळणी पथकाने तोच आक्षेप नोंदवला तेव्हा तो योग्यच होता. प्रमाणपत्र माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, मुलीच्या बालवाडीच्या प्रगतिपुस्तकाखाली सापडले. ज्यांच्या मनात स्वेच्छानिवृत्तीचा विचार आहे, त्यांनी अर्जाच्या किमान एक वर्ष आधी आपले दुय्यम सेवापुस्तक मूळ पुस्तकाशी ताडून पाहावे, नामनिर्देशने अद्ययावत करावीत आणि प्रत्येक वर्षाच्या पडताळणीवर सही आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. एका सहकाऱ्याने भाषणात ‘साहेबांनी हा निर्णय का घेतला हे कोडेच आहे’ असे म्हटले, आणि ते कोडे पुढे गावभर फिरले. पोवई नाक्यावर भेटलेल्या एका परिचिताने माझा हात दाबत, आवाज खाली आणून ‘काही चौकशी वगैरे लागली नव्हती ना?’ असे विचारले. माझ्या प्रकरणात ‘विभागीय चौकशी प्रस्तावित अथवा प्रलंबित नाही’ असे प्रमाणपत्र जोडलेले आहे. ते त्याला दाखवावे असे क्षणभर वाटले. चौकशी नसेल तर दुसरा तर्क आजाराचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत मला निदान दहा जणांनी मधुमेहावरचे उपाय सांगितले, आणि मला मधुमेह नाही.

पहिले पंधरा दिवस फसवे होते. माझी पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. तिला १४ जूनपर्यंत उन्हाळी सुट्टी होती. आम्ही दोघे सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून जात होतो, परतताना चहा घेत होतो, आणि मला वाटले की हे इतके सोपे आहे तर लोक सुटीच्या दिवसाची वाट का पाहतात. १५ जून हा गुरुवार होता. ती सव्वादहाला डबा घेऊन बाहेर पडली, दार लागले, आणि मी हॉलमध्ये त्या नव्या घड्याळासमोर उभा राहिलो. माझी निवृत्ती खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आमची कार्यालयीन वेळ पावणेदहा ते सव्वासहा होती, आणि शरीर ती वेळ विसरायला तयार नव्हते. पावणेदहाला मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असे. साडेअकराला चहाची तल्लफ येई. सव्वासहाला कारण नसताना हलके वाटे. आई रोज दहाच्या सुमारास ‘आज कचेरीत नाही गेलास?’ असे विचारी आणि मी ‘सुट्टी आहे’ असे सांगत असे. तिला समजावणे अवघड होते म्हणून नव्हे, तर तेवढे बोलायची माझीच तयारी नव्हती म्हणून.

त्या जूनमध्ये कार्यालयातून रोज दोन-तीन फोन येत. अमुक नस्ती कुठे आहे, तमुक रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, पगाराच्या ‘सेवार्थ’ संगणक प्रणालीत वेतनदेयक का अडकले आहे, असे प्रश्न असत. मी वरवर त्रासिक आवाज काढी, पण फोन आला की उभा राहून बोलत असे. जुलैत आठवड्याला दोन फोन झाले. गणपतीनंतर एकही आला नाही. काम माझ्यावाचून अडले नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. तो व्हायला मला डिसेंबर उजाडला.

मधल्या काळात मी मात्र तिथे जात होतो, आपल्याच प्रकरणाची चौकशी करायला. अभ्यागतांसाठीच्या ज्या बाकावर मला बसवले जाई, तो बाक मीच तीन दरपत्रके मागवून खरेदी केला होता. त्या वेळी सर्वांत कमी दराचा घेतला होता, आणि त्याची पाठ टोचते हे मला २०२३ मध्ये कळले. प्रकरण पडताळणीतून सुटून महालेखापालांकडे गेले ऑगस्टच्या अखेरीस, आणि निवृत्तिवेतन, उपदान व अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणे) यांचे आदेश आले ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कोषागारात ओळख पटवण्यासाठी पत्नीसह हजर राहिलो; संयुक्त छायाचित्र, पॅन, आधार आणि बँक पासबुकाच्या दोन-दोन प्रती नेल्यामुळे एका फेरीत काम झाले. जून ते ऑक्टोबर हे पाच महिने माझ्या नावावर नियमित उत्पन्न म्हणून एक रुपयाही जमा झाला नाही. रजा रोखीकरणाची रक्कम जुलैत मिळाली, तिच्यावर आणि पत्नीच्या पगारावर घर चालले. विलंब दिसत असेल तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनासाठी कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज करता येतो. मी दुसऱ्यांना तो करायला लावत असे. स्वतःसाठी मात्र ‘आता येईलच’ म्हणत राहिलो. आपल्याच जुन्या टेबलासमोर अर्जदार होऊन उभे राहण्याचा संकोच हे त्याचे कारण होते, आणि तो संकोच मला साधारण दीड लाखाच्या बचतीला पडला.

आकडे लिहितो, कारण वाचणाऱ्याला तेच हवे असतात. शेवटचे मूळ वेतन ५५,२०० रुपये होते आणि सर्व कपाती होऊन हातात सुमारे ६८ हजार येत. मूळ निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे २७,६०० ठरले. त्यातील ४० टक्के, म्हणजे ११,०४० रुपयांची मी विक्री केली, ज्याचे एकरकमी साधारण साडेअकरा लाख मिळाले. ही विकलेली रक्कम पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. अनेकांना माहीत नसते की महागाई वाढ उरलेल्या रकमेवर नव्हे, तर पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मिळते. त्यामुळे तेव्हाच्या ४२ टक्के दराने माझ्या हाती १६,५६० अधिक ११,५९२, असे २८,१५२ रुपये येऊ लागले. ६८ हजारांवरून २८ हजारांवर येणे वहीत मांडताना जितके सोपे वाटले होते, तितके ते पासबुकात दिसताना वाटले नाही.

साठीच्या आधी निवृत्त होणाऱ्याची एक गंमत असते. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षे पूर्ण लागतात; निवृत्तांसाठी ५५ पासून सवलत आहे, पण ५२ व्या वर्षी ते दार बंद होते. मी पत्नीसह संयुक्त नावाने मासिक प्राप्ती योजनेत १५ लाख ठेवले, ज्याचे तेव्हाच्या ७.४ टक्के दराने महिना ९,२५० रुपये येतात. पैसे खात्यावर जमा झाल्याच्या आठवड्यातच ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवणाऱ्या चार व्यक्ती घरी येऊन गेल्या, त्यांतले दोघे नातेवाईक होते. तीन महिने मोठ्या रकमेला हात लावायचा नाही, असे मी आधीच ठरवून ठेवले होते आणि त्यांना तसे सांगता आले. आरोग्यविमाही मी नोकरीत असतानाच, २०२१ मध्ये घेतला होता, कारण आधीपासूनच्या आजारांसाठीचा तीन वर्षांचा प्रतीक्षाकाल लवकर सुरू व्हावा. निवृत्तीनंतर घेतला असता तर तो काळ नेमका उघड्यावर गेला असता. आणि एसटीने पुण्याला निघालो की आईचे तिकीट मोफत, पत्नीचे अर्धे, आणि निवृत्त गृहस्थाचे पूर्ण, असा आमचा हिशेब असतो. वाहक माझ्याकडे पाहून एकदा म्हणालाही, ‘घरात कमवते तुम्हीच दिसताय.’ पत्नी खिडकीकडे पाहून हसत होती.

आता दिवसाबद्दल. सकाळ कधीच अवघड नव्हती. अवघड होती ती दुपार. जेवण होऊन आई झोपली की दोन ते चार हा काळ तुंबल्यासारखा होई. मी झोपू लागलो, त्यामुळे रात्री जागू लागलो, त्यामुळे सकाळी उशिरा उठू लागलो, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात किल्ल्यावर जाणेही बंद झाले. त्या दोन महिन्यांत मी मोबाइलवर किती तास घालवले हे लिहायला लाज वाटते. या दिवसांत माझी चिडचिड वाढली, आणि त्याला जोड म्हणून मी स्वयंपाकघरात सुधारणा सुरू केल्या. डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, किराण्याची साठा नोंदवही केली, डाळी वर्णानुक्रमे लावल्या. तिसऱ्या दिवशी पत्नी शाळेतून आली, मोहरीचा डबा पाच मिनिटे शोधला, आणि म्हणाली, ‘अहो, ही तुमची कचेरी नाही आणि मी तुमच्या हाताखाली नाही.’ चिठ्ठ्या मी त्याच संध्याकाळी काढल्या.

त्या भांडणाच्या ओघात दुसरी गोष्ट बाहेर आली, आणि ती डब्यांपेक्षा मोठी होती. पत्नी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे आणि तिची नोकरी तेव्हा आणखी आठ-नऊ वर्षे होती. मी निवृत्तीचा निर्णय तिला सांगितला होता, विचारला नव्हता. ती रोज उभी राहून सहा तासिका घेऊन येते, आणि दार उघडणारा माणूस दिवसभर घरी असूनही तिने येऊन कुकर लावावा, अशी आमच्या घराची घडी तशीच चालू होती, कारण ती मोडावी असे मला सुचलेच नव्हते. सप्टेंबरपासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पहिला महिना आमटी रोज वेगवेगळ्या कारणाने बिघडे. आई काही बोलत नसे, फक्त ताकाची वाटी दुसऱ्यांदा मागे. आता चार भाज्या, आमटी आणि भात मला बरा जमतो. पोळ्यांना एक बाई येतात, त्यांचे महिना १,८०० रुपये हा निवृत्तीनंतर वाढलेला खर्च आहे. पेट्रोल, बाहेरचा चहा आणि कार्यालयातील वर्गण्या मिळून साधारण साडेचार हजार कमी झाले. वाढला तो लोकाचाराचा खर्च, कारण ‘तुम्ही मोकळेच आहात’ असे म्हणून प्रत्येक लग्नाला, दहाव्याला आणि वास्तुशांतीला घरचा प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक होऊ लागली.

हे ‘मोकळेच आहात’ मला सुरुवातीला आवडले होते. चुलत्यांना तपासणीसाठी पुण्याला नेणे, शेजाऱ्यांच्या गॅसची टाकी उतरवून घेणे, कोणाच्या मुलाच्या पारपत्राची कागदपत्रे लावणे, हे सगळे मी पहिल्या वर्षी केले. दहावी-बारावीच्या निकालानंतर तर गल्लीतले पालक उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला यांचे अर्ज घेऊन ओट्यावर येऊ लागले. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे कोणते, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचे हे मला येते, आणि सांगताना बरेही वाटते. पण लवकरच ‘साहेब, तुमची ओळख आहे ना, तेवढा फोन करा’ हे सुरू झाले. ज्या कामासाठी मी नोकरीत असताना लोकांना रांगेत उभे राहायला सांगत असे, त्याच कामासाठी आता रांग मोडायला मदत करणे मला जमेना. जून २०२४ पासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी ११ ते १ एवढाच वेळ त्यासाठी ठेवला आहे. कागद तपासून देतो, फोन करीत नाही. येणारे निम्म्याने कमी झाले. उरले त्यांची कामे होतात.

पगाराचे काम पुन्हा धरून पाहावे म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एका परिचिताच्या दुकानाचे हिशेब लिहायला बसलो. तीन आठवड्यांत पोटातला तो गोळा परत आला. सोडले.

दुपारचा प्रश्न सुटला तो नगरवाचनालयामुळे, आणि तोही वाचनाच्या ओढीने नव्हे. दीडला आईची औषधे देऊन मी दोनला निघतो आणि चारपर्यंत वाचनकक्षात बसतो. शेजारच्या काकू तेवढा वेळ आईजवळ भरतकाम घेऊन येतात. तिथे येणाऱ्यांत निम्मे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी असतात आणि निम्मे सत्तरीचे गृहस्थ. मी दोन्हींत बसत नाही. विद्यार्थी मला ‘सर’ म्हणतात, वृद्ध मंडळी ‘अहो, तुम्ही तर अजून लहान आहात’ म्हणतात, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हक्क कोणाचा, याचा तिथला ज्येष्ठताक्रम कोणत्याही आस्थापना यादीपेक्षा कडक आहे. पहिले पान मला अजून मिळालेले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हयातीच्या दाखल्यासाठी पहिल्यांदा बँकेत गेलो, तेव्हा माझे प्रकरण नवीन असल्यामुळे कोषागाराच्या यादीत माझे नाव सापडेपर्यंत अर्धा तास गेला होता. पुढे २०२४ मध्ये ५ नोव्हेंबरला गेलो. काउंटरवरचा मुलगा नवीन होता. मी यादी मागितली तर त्याने नम्रपणे सांगितले की, पेन्शनरांनी स्वतः यावे लागते, वडिलांना चालवत नसेल तर तसे कळवा, आम्ही कोणाला तरी घरी पाठवू. मी पासबुक पुढे केले. त्याने फोटो पाहिला, मला पाहिले, आणि यादी माझ्याकडे सरकवली. मी नावासमोर सही केली, तारीख घातली, आणि घाईने निघालो, कारण सव्वाअकराला गॅसची टाकी येणार होती आणि मेथी अजून निवडायची होती.